लाल टोपीतली ॲशली

अमेरिकेच्या महिला वॉटरपोलो संघाला ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून देणारी गोलकीपर ॲशली जॉन्सन हिला लहानपणी पोहायला घातलं ते तिने ऑलिम्पिकला जावं म्हणून नव्हे. मायामीत त्यांच्या घरामागे पोहण्याचा तलाव होता आणि घरात पाच मुलं. आई डॉना मूळची जमैकाची, पेशाने नर्स, पाचही मुलांना एकटीने वाढवणारी. आई ड्युटीवर, मागच्या अंगणात खोल पाणी आणि घरभर पोरं, हा हिशेब कुठल्याही आईची झोप उडवील. डॉनाने सगळ्यांना सरसकट पोहायला घातलं. पाण्यापासून जिवाला धोका राहू नये, एवढाच हेतू. वॉटरपोलो, म्हणजे खोल पाण्यात पोहत खेळायचा चेंडू आणि गोलचा खेळ, त्यानंतर आला, आणि तोही पोरं जरा दमावीत म्हणूनच आला असावा, असा माझा आपला अंदाज.

आमच्या गावाकडेही पोहायला शिकवण्यामागे हेच कारण असे. शेतात विहीर आहे, पोर आज ना उद्या काठावर जाणार, मग पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. भोपळा मात्र मुलग्यांच्याच पाठीला. आम्ही मुली काठावर बसून भावांचे कपडे सांभाळायचो. विहीर काही मुलगा-मुलगी बघून गिळत नाही, पण हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी पोहायला शिकले ते लग्नानंतर, पुण्यात, महापालिकेच्या तलावावर, बायकांच्या बॅचला. म्हणून असेल, डॉनाच्या त्या सरसकट निर्णयाचं मला भारी अप्रूप वाटतं.

ॲशलीचा जन्म १९९४ चा. अमेरिकेतल्या महिला वॉटरपोलोची नकाशावर जागा शोधायची तर ती कॅलिफोर्निया. राष्ट्रीय संघाचा सराव तिथे, नावाजलेली विद्यापीठं तिथली, संघातल्या बहुतेक मुली तिथल्याच. एकमेकींना शाळेपासून ओळखणाऱ्या, एकमेकींविरुद्ध खेळून मोठ्या झालेल्या. फ्लोरिडातून कुणी येईल ही अपेक्षाच नसे. ॲशली मायामीतच रॅन्सम एव्हरग्लेड्स शाळेकडून खेळली. गोलमध्ये इतकी चांगली खेळायला लागल्यावर शहाण्या माणसाने तिला सल्ला दिला असता, की बाई, आता तरी पश्चिमेकडे जा. ती गेली न्यू जर्सीला, प्रिन्स्टनला. मानसशास्त्र शिकायला.

हा निर्णय मला फार बोलका वाटतो. वॉटरपोलोच्या दृष्टीने प्रिन्स्टन म्हणजे आडगाव. शिवाय राष्ट्रीय संघाबरोबर पूर्णवेळ राहायचं तर शिक्षण सोडून कॅलिफोर्नियात मुक्काम हलवायला हवा. तिने बरीच वर्षं तो हलवला नाही. रिओ ऑलिम्पिक तोंडावर आल्यावर एक वर्षाची रजा घेतली, लॉस ॲलामिटॉसला संघात दाखल झाली, सुवर्ण जिंकलं आणि उरलेलं वर्ष पुरं करायला पुन्हा कॉलेजात हजर. २०१७ मध्ये पदवी. ऑलिम्पिक विजेती मुलगी गळ्यातलं पदक कपाटात ठेवून सेमिस्टरचे पेपर लिहिते आहे, हे चित्र माझ्यासारख्या मास्तरणीला सुखावतं, हे कबूल करायला हरकत नाही.

ही घाई नसणं तिच्या खेळातही आहे. ते कसं, हे कळायला मला भाच्याची मदत घ्यावी लागली.

भाचा मुंबईत कॉलेजच्या वॉटरपोलो संघात गोली, म्हणजे गोलकीपर, आहे. दादरला शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी तलावावर त्याचा सराव चालतो. एकदा सकाळी मी तिथे नुसतीच बसले होते. सरांनी गोलींना खोल पाण्याच्या टोकाला नेलं आणि दोन्ही हात वर करायला सांगितलं. कोपरं पाण्याबाहेर, मनगटं पाण्याबाहेर, हातात मेडिसिन बॉल म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, आणि पायाखाली काही नाही. असंच राहायचं. पाणी छातीशी. सर शिट्टी वाजवतात तेव्हा आणखी वर यायचं, बरगड्या दिसेपर्यंत, आणि चेंडू न सोडता तिथेच टिकायचं. पोरांचे चेहरे पाण्यावर अगदी निर्विकार. काठावरून वाकून बघितलं तेव्हा खालचा प्रकार दिसला. गुडघे बाजूला उघडलेले, आणि एक पोटरी एका दिशेने तर दुसरी उलट दिशेने गरागरा फिरते आहे, ताकातल्या रवीसारखी. याला ते लोक एगबीटर म्हणतात. हे पाय थांबले की खेळ संपला. भाचा बाहेर आला तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत होत्या आणि तो म्हणाला, "हे वॉर्म-अप होतं, मावशी."

गोलची चौकट तीन मीटर रुंद आणि पाण्यावर ९० सेंटिमीटर उंच. आकडा ऐकून लहान वाटते, पण पायाखाली जमीन नसताना तीन मीटर म्हणजे पुष्कळ. चेंडू दोन्ही हातांनी धरायची मुभा एकट्या गोलीला, आणि तीही गोलजवळच्या पट्ट्यात. त्याला ओळखता यावं म्हणून टोपी लाल. बाकी सहा जणांना एकाच हाताने सगळं करायचं असतं. शिवाय पाण्याखाली लाथा, ओढाताण, पोहण्याचा पोशाख धरून मागे खेचणं. पंच वरून बघतो, त्याला निम्मंच दिसतं.

आणि चेंडू मारणारा लगेच मारत नाही, खरी मेख इथे आहे. तो हात मागे नेतो, मारल्यासारखं करतो, थांबतो, पुन्हा हात हलवतो. गोलीने त्या हुलीला फसून उसळी घेतली की संपलं. जमिनीवरच्या गोलकीपरला पुन्हा पाय रोवता येतात. पाण्यातला गोली एकदा वर गेला की त्याला खाली यावंच लागतं, आणि तो खाली येत असतानाच चेंडू येतो. कधी पाण्यावर टप्पा घेऊन, कधी डोक्यावरून अलगद दूरच्या कोपऱ्यात. म्हणून चांगला गोली कोण, तर जो शेवटपर्यंत वर येत नाही. ॲशलीचे सामने बघताना तिचे लांब हात लगेच डोळ्यांत भरतात, ती सहा फुटांहून उंच आहे. पण दोन-तीन सामन्यांनंतर मला कळलं की बघण्यासारखी गोष्ट हात नव्हेत. समोरची दोनदा, तीनदा हूल देते आणि ही जागची हलत नाही. तळवे पाण्यावर हळूहळू फिरत असतात, बास. शेवटी मारणारीच कंटाळते. तिच्याकडे हल्ला पुरा करायला मोजक्या सेकंदांचं घड्याळ असतं, ॲशलीच्या डोक्यावर तसं कुठलंच घड्याळ नाही.

रिओला जाताना वृत्तपत्रांनी तिच्याविषयी लिहिलं ते बहुतेक वेगळ्याच कारणासाठी. अमेरिकेच्या ऑलिम्पिक महिला वॉटरपोलो संघातली ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. २०१६ साली पहिली! महिला वॉटरपोलो ऑलिम्पिकमध्ये आला तोच मुळी २००० साली, सिडनीत (पुरुषांचा १९०० पासून आहे), हे धरलं तरी हा आकडा खटकतो. त्याच रिओत सिमोन मॅन्युएलने १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली आणि जलतरणात वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री ठरली. दोघींच्या पदकांत आठवड्याभराचं अंतर.

हे इतकं उशिरा का, याचं उत्तर ॲशलीच्या गावातच मिळतं. मायामी समुद्रकाठचं शहर, पण गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथल्या सरकारी किनाऱ्यांवर काळ्या माणसांना मज्जाव होता. मे १९४५ मध्ये काही काळे स्त्री-पुरुष हॉलोव्हर बीचवर गेले आणि सरळ समुद्रात उतरले. लॉसन थॉमस नावाचे वकील जामिनाचे पैसे खिशात घेऊन काठावर थांबले होते. अटक व्हावी, म्हणजे कोर्टात जाता येईल, असा बेत. पोलिसांनी कुणालाच पकडलं नाही. प्रकरण कोर्टात जाण्यापेक्षा त्यांना वेगळा किनारा देऊन टाकणं सरकारला सोयीचं वाटलं आणि १ ऑगस्ट १९४५ ला व्हर्जिनिया की या बेटावरचा किनारा 'फक्त काळ्यांसाठी' म्हणून उघडला. पूल नव्हता, सुरुवातीला होडीनेच जावं लागे.

याच फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावातली १९६४ ची घटना त्याहून भयंकर. मॉन्सन मोटर लॉजच्या तलावात काळे आणि गोरे आंदोलक एकत्र उतरले, तेव्हा मालकाने तलावात ॲसिड ओतलं. त्याचं छायाचित्र आहे. पाण्यात किंचाळणारी माणसं आणि काठावर हातात डबा घेतलेला एक मालक. तारीख १८ जून. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या सिनेटने नागरी हक्कांचं विधेयक मंजूर केलं.

ते छायाचित्र पाहून मराठी माणसाला महाड आठवलं नाही तर नवल. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. गुरं त्या तळ्यावर आधीपासून पीत होती, त्यांच्यासाठी कुणाला शुद्धी लागली नव्हती. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. एकीकडे ॲसिड, दुसरीकडे पंचगव्य. माणूस पाण्याला लागला म्हणून पाण्यालाच काहीतरी करायचं, ही बुद्धी दोन्हीकडे सारखी. आपल्या राज्यात जलतरणाच्या स्पर्धांना जी आडनावं दिसतात आणि जी दिसत नाहीत, त्यांच्याकडे बघताना मला हे नेहमी आठवतं. महाडच्या ओंजळीपासून तलावाच्या उड्डाण-फळीपर्यंतचं अंतर अजून पुष्कळ जणांना कापायचं आहे.

पाणी बंद केलं की ते पुढच्या पिढीलाही बंद होतं. आजीला पोहता येत नाही, म्हणून ती आईला पाण्याजवळ जाऊ देत नाही, आई मुलीला. अमेरिकेच्या जलतरण संघटनेच्या प्रतिष्ठानाने २०१७ मध्ये पाहणी केली तेव्हा कृष्णवर्णीय मुलांपैकी ६४ टक्के मुलांना पोहता येत नव्हतं किंवा जेमतेम येत होतं. गोऱ्या मुलांत हे प्रमाण ४० टक्के. टोपीचा प्रश्न त्यातलाच. दाट कुरळ्या केसांसाठी बनवलेली मोठी टोपी टोकियो ऑलिम्पिकच्या आधी जलतरणाच्या जागतिक संघटनेने नाकारली, आरडाओरडा झाल्यावर २०२२ मध्ये मान्य केली. केस मावत नाहीत म्हणून पोहणं सोडलेल्या मुली आहेत. वॉटरपोलोची कानांवर वाटीसारखं प्लास्टिक असलेली टोपी तर हनुवटीखाली करकचून बांधायची असते. ॲशली केसांविषयी आणि संघात एकटीच असण्याविषयी मोकळेपणाने बोलत आली आहे, आणि तिचं पाहून पाण्यात उतरलेल्या मुलींविषयीही.

पदकांचं थोडक्यात सांगते. रिओच्या आधी गोलमध्ये मोठं नाव होतं बेट्सी आर्मस्ट्राँगचं, २०१२ च्या सुवर्ण संघातली. ती थांबल्यावर जागा रिकामी झाली आणि ॲशलीने ती घेतली. रिओत अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध १२–५. त्या स्पर्धेआधी काहीच दिवस प्रशिक्षक ॲडम क्रिकोरियन यांचा भाऊ अचानक गेला होता. ते घरी जाऊन, निरोप देऊन परत आले. प्रशिक्षकांना पदक मिळत नाही. मुलींनी एकेक करून आपापली पदकं त्यांच्या गळ्यात घातली. टोकियोत साखळीत हंगेरीने त्यांना १०–९ असं हरवलं, ऑलिम्पिकमध्ये २००८ नंतरचा हा पहिला पराभव. अंतिम सामन्यात मात्र स्पेनचा १४–५ असा धुव्वा.

आता माझं एक मत, जे क्रीडा पत्रकारांना पटणार नाही. हे दोन्ही सुवर्ण सामने ॲशलीची गुणवत्ता जोखायला निरुपयोगी आहेत. सात किंवा नऊ गोलांनी जिंकलेल्या सामन्यात गोलीने चार गोल जास्त खाल्ले असते तरी पदकाचा रंग बदलला नसता. ती काय चीज आहे हे पाहायचं तर पॅरिस पाहावं, जिथे तिला काहीच मिळालं नाही.

पॅरिसच्या आधी या संघाची एक मजेशीर बातमी आली होती. कप्तान मॅगी स्टीफन्सने लिहिलं की आमच्यातल्या अनेक जणी खेळ चालू ठेवण्यासाठी दोन-दोन, तीन-तीन नोकऱ्या करतात. ते वाचून फ्लेवर फ्लेव्ह हा रॅपर, गळ्यात भिंतीवरचं वाटावं एवढं घड्याळ अडकवून फिरणारा, पुढे आला आणि संघाचा प्रायोजक झाला. लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकलेला संघ, अमेरिकेसारखा देश, आणि प्रायोजक मिळतो तो असा. आपल्याकडे या खेळाची परवड आहे म्हणून रडणाऱ्यांनी हे वाचून जरा गार व्हावं. भारताने १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत वॉटरपोलोचं सुवर्ण जिंकलं होतं, १९७० ला बँकॉकला रौप्य, १९८२ ला पुन्हा दिल्लीत कांस्य. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला खोटं वाटलं. त्याने फोनवर शोधून खात्री करून घेतली.

तर पॅरिस. साखळीत स्पेनकडून ११–१३ अशी हार. मग उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा हंगेरी. वॉटरपोलोत गोल धो धो होतात, दहा-बारा म्हणजे नेहमीचंच. हा सामना अमेरिकेने ५–४ असा जिंकला. हंगेरीसारख्या संघाला चार आठ-आठ मिनिटांच्या सत्रांत मिळून चार गोल! ॲशलीने त्यात सतरा चेंडू अडवले. एकवीसपैकी सतरा. त्यातही एक खेळाडू बाहेर बसवलेली असताना, सहा विरुद्ध पाच अशा वेळी, गोलीची जी कसोटी लागते ती पाहण्यासारखी असते. चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून मधे असा फिरत राहतो आणि गोलीला पाण्यातल्या पाण्यात दर वेळी नव्या कोनासमोर जाऊन पोचायचं असतं, तेही वर न येता. ॲशली चौकटीत इकडून तिकडे सरकते तेव्हा तिच्याभोवती पाणीही फारसं उडत नाही. इकडे तिच्या संघाची आक्रमक फळी त्या दिवशी पार थंडावली होती. एरवी पंधरा गोल करणाऱ्या मुली पाचावर अडकल्या, आणि ते पाच पुरले कारण मागे ही होती.

उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाशी ८–८ असा सुटला आणि पेनल्टीवर गेला. पाच मीटरवरून एकेकीने चेंडू मारायचा. इथे ॲशलीचा तो सगळा धीर फुकट जातो, कारण पेनल्टीला हूल देता येत नाही. शिट्टी वाजली की एका हालचालीत मारायचं. वाट पाहण्यात जी जगात सर्वांत पटाईत, तिला वाट पाहायला वेळच नाही. ऑस्ट्रेलियाची गोली गॅब्रिएला पाम त्या दिवशी सरस ठरली. ६–५. मग कांस्यपदकाच्या सामन्यात नेदरलँड्सने सामना संपता संपता गोल करून ११–१० असं जिंकलं. मारणारी साब्रिना व्हान डर स्लूट. सिडनीपासून दर ऑलिम्पिकला पदक घेऊन परतलेला अमेरिकेचा संघ पहिल्यांदा रिकाम्या हाताने घरी गेला. सुवर्ण मिळालं स्पेनला, टोकियोत १४–५ ने चिरडल्या गेलेल्या त्याच स्पेनला, आणि त्याबद्दल मला मनापासून बरं वाटलं हेही सांगून टाकते.

मी हे सगळं भाच्याला फोनवर मोठ्या उत्साहाने ऐकवलं. सतरा चेंडू, पाच–चार, कसली गोली आहे वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एकवीस शॉट गोलवर आले? मग तिचा डिफेन्स काय करत होता?"

मी म्हटलं, अरे पण तिने अडवले ना.

"अडवले गं. पण मावशी, सतरा सेव्ह झाले की लोक टाळ्या वाजवतात आणि गोली पाण्यातून डिफेन्सला शिव्या घालत असतो. ती काय ओरडत होती ते टीव्हीवर ऐकू आलं असतं ना, तर तुम्ही आवाज बंद केला असता."

मग पेनल्टीचं विचारलं. पेनल्टीला गोलीला कुणी बोल लावत नाही, असं त्याचं म्हणणं. अडवला तर बोनस. आणि कांस्यपदकाचा तो शेवटचा गोल? तो तिला अडवता आला असता का?

"तो मी पाहिलाच नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी आमची प्रॅक्टिस होती."